जॅक उचलतो, धरत नाही

(दहावी १९९६ च्या बॅचच्या मोर्शी येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. मी पंचवीसेक वर्षं या क्षेत्रात काम करते आहे, हे खरं. पण आपल्या सगळ्यांची मुलं या संधी माझ्यापेक्षा चांगल्या ओळखतात, आणि जेवणाआधीच्या वेळात तुम्हाला ते ऐकवणं हा अन्याय झाला असता. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलून घेतला. घरच्या अंगणात गाडी कशी उचलायची, आणि उचललेली गाडी अंगावर पडू नये म्हणून काय करायचं, हे मी सांगणार आहे.

हसा, हसा. घरीही सगळे हसलेच होते.

मागच्या दिवाळीत मी पुण्याहून मोर्शीला आले, तेव्हा बाबांची पांढरी मारुती आठशे अंगणात ताडपत्री टाकून उभी होती. तुमच्यातल्या निदान तिघांच्या लग्नात ती गाडी फुलं लावून गेलेली आहे. तिचा तिसरा गिअर चालता चालता आपोआप निसटायचा आणि गिअरबॉक्समधून भुंगा अडकल्यासारखा आवाज यायचा. मारुतीने ही गाडी बनवणं २०१४ मध्ये बंद केलं. एका गॅरेजवाल्याने बाबांना सांगितलं, ‘काका, भंगारात द्या.’ बाबांनी त्या दिवसापासून त्या रस्त्याने जाणं सोडलं.

मी अमरावतीहून जुन्या गाडीचा, पण चांगल्या अवस्थेतला गिअरबॉक्स आणला. आता तो बसवायचा कुणी? आपला एक वर्गमित्र गाड्यांचंच काम करतो. तो समोर बसला आहे. गोष्ट सांगायला त्याने परवानगी दिली आहे, मात्र नाव घेतलं तर उठून जाईन अशी धमकीही दिली आहे. त्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सोबत पान्यांची पेटी, एक बाटली जॅक आणि चार इटा.

“तीन-चार घंट्याचं काम हाये,” तो म्हणाला. “तू कायले टेन्शन घेऊन रायली?”

मी त्या इटांकडे पाहत होते. म्हटलं, “यांच्यावर गाडी ठेवणार?”

“मंग कायच्यावर ठेवू? वीस वर्सं झाले मी असंच काम करून रायलो. काई झालं का मले?”

आता ‘काही झालं नाही’ या पुराव्याला उत्तर देणं फार अवघड असतं. मी इंजिनिअर असून मला ते पटकन सुचलं नाही. मी फक्त एक नाव घेतलं. आपल्यासोबत आठवीपर्यंत होता, त्याचं. मित्राने हातातला जॅक खाली ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसला.

सरांना तो आठवत असेल. डावखुरा होता, चित्रकलेत पहिला यायचा आणि गणितात माझ्या वहीतून उतरवायचा. १९९४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो एका गॅरेजवर कामाला लागला. जूनमध्ये शाळा उघडली की परत येणार होता. सालबर्डीकडे सवारी नेणारी एक काळी-पिवळी जीप दुरुस्तीला आली होती. तिचा गिअरबॉक्स उतरवायचा होता. जॅकवर उचललेल्या जीपखाली तो झोपला होता, आणि जीप खाली आली. जून महिन्यात नववीच्या पहिल्या हजेरीत त्याचं नाव पुकारलं गेलं, कारण हजेरीपट आधीच लिहून झाला होता. त्यानंतर वर्गात किती वेळ कुणी बोललं नव्हतं, ते आठवून पाहा.

आज सकाळी आपण दिवंगत वर्गमित्रांसाठी दोन मिनिटं उभे राहिलो. यादी वाचली गेली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. चूक कुणाची नाही. यादी दहावीच्या निकालपत्रावरून केली होती आणि तो दहावीपर्यंत पोचलाच नाही. त्याच्या घरच्यांना विचारून हे नाव स्मरणिकेत घ्यावं, एवढी माझी संयोजकांना विनंती आहे. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून मीही इथे ते नाव घेत नाही.

तेव्हा मोठी माणसं एवढंच म्हणाली, ‘जॅक सटकला. नशीब.’ तीस वर्षं माझ्या डोक्यात तेवढंच होतं. त्या सकाळी ओट्यावर बसून मित्राने मला पुढचं सांगितलं. त्याने ज्या मिस्त्रीकडे काम शिकलं, त्यांनी ती जीप नंतर पाहिली होती. ते पोरांना नेहमी सांगायचे, की जीपचा हँडब्रेक पक्का ओढलेला होता. मग ती सरकली कशी?

जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसायचा. तो गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात तिथल्या ड्रमवर काम करायचा. शाफ्ट पकडला की चाकं पकडली जायची. गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी शाफ्ट खोलावा लागतो. म्हणजे शाफ्ट खोलला त्या क्षणी, दांडा वर ओढलेला असूनही, त्या जीपला ब्रेक म्हणून काही उरलंच नाही. चारही चाकं मोकळी. चाकांना दगड लावलेले नव्हते. कुणीतरी घट्ट बसलेला नट खोलायला जोर लावला असेल, जीप चार बोटं पुढे गेली असेल आणि जॅक आडवा झाला असेल.

म्हणजे ते नशीब नव्हतं. ज्या भागाने गाडी धरून ठेवली होती, तोच भाग त्यांनी काढला होता, आणि दुसरं धरणारं काही ठेवलं नव्हतं.

हे ऐकल्यावर आमचं त्या दिवशीचं काम थांबलं. मी अमरावतीला जाऊन गाडी ठेवायच्या चार लोखंडी घोड्या आणि एक चाकांचा ट्रॉली जॅक घेऊन आले. बाबा म्हणाले, एवढ्या पैशात गॅरेजवाल्यानेच करून दिलं असतं. खरं होतं ते. मी काही बोलले नाही.

आता प्रत्यक्ष काम. घाईघाईने सांगितलं तर उपयोग नाही, म्हणून जिथे लोक चुकतात तिथे जरा थांबते.

सगळ्यात आधी जमीन. आपल्या अंगणात अर्धी फरशी आणि अर्धी काळी माती असते. काळ्या मातीचा स्वभाव कापूस पेरणाऱ्याला सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरून टणक दिसली तरी जॅकच्या एवढ्याशा बुडाखाली दबते. मारुती आठशेचं वजन साधारण ६५० किलो, म्हणजे साडेसहा क्विंटल. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्यामुळे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या बाजूला. तुरीची तीन-चार पोती एका ताटलीवर रचून ती ताटली मातीवर ठेवल्यासारखं ते आहे. फरशीचंही तसंच. खाली पोकळ असेल तर शहाबादी फरशी ताडकन फुटते. आम्ही गाडी ढकलत नेऊन टिनाच्या शेडखालच्या सिमेंटच्या कोब्यावर उभी केली. कोब्यालाही पाणी जायला उतार होता, म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून बाभळीचे ठोकळे पाचरीसारखे ठोकून बसवले.

या ठोकळ्यांचं महत्त्व आता तुमच्या लक्षात आलं असेल. मारुतीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळे पुढचा भाग उचलताना तो उपयोगी आहे. पण पंचवीस वर्षांच्या केबलवर मी जीव टांगणार नाही. आणि ‘गाडी गिअरमध्ये टाकून ठेव’ हा जो सल्ला सगळे देतात, तो या कामात अगदी निरुपयोगी. गिअरबॉक्सच काढायचा असेल तर गिअर कुठे राहणार?

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे. ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नटही तेव्हाच. त्यासाठी टॉमीला लांब पाइप लावून लोंबकळावं लागतं, आणि असलं लोंबकळणं उचललेल्या गाडीला कधीच करायचं नाही. बॅटरीची तार काढायची. मग उचलायला सुरुवात.

इथे गणिताच्या सरांची आठवण झाली. सर, तुम्ही नववीत पायथागोरस शिकवताना भिंतीला लावलेल्या शिडीचं उदाहरण द्यायचात. शिडीचा पाय ओढला की वरचं टोक किती खाली येतं? गाडीचंही तेच आहे, फक्त शिडी आडवी. मागची चाकं जागच्या जागी, पुढचं टोक वर. आठशेच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.१७५ मीटर. पुढचं टोक ४० सेंटिमीटर वर नेलं, तर कर्ण तेवढाच राहतो आणि पाया कमी होतो. गणित करून पाहा, ते टोक साधारण ३.७ सेंटिमीटर मागे सरकतं. म्हणजे जॅकने सरळ वर ढकललं तरी गाडी सरळ वर जात नाही, ती वर जाता जाता मागे झुकते. ट्रॉली जॅकला चाकं याचसाठी असतात. गाडी सरकली की तोही तिच्याखाली सरकतो. त्याच्या चाकाला खडा आडवा आला, किंवा तो मातीत रुतला, तर जॅक जागेवर राहतो, गाडी मागे जाते, आणि जॅकचं डोकं तिच्या खालून निसटतं. बाटली जॅकला तर चाकंच नसतात, तो तिरपा होत जातो. मित्र म्हणाला, “मले वाटे जॅकच खराब हाये, तिरपा होते म्हणून.” तीन जॅक बदलले होते त्याने.

म्हणून आम्ही कोबा झाडून घेतला. आईने झाडला, खरं म्हणजे. तिला कारण विचारायची सवय नाही आणि आम्ही झाडलेलं तिला पटत नाही.

आता जॅकच्या पोटात काय असतं ते पाहू. विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला पास्कलचा नियम शिकवला होता. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला की तोच दाब तेलातून मोठ्या दट्ट्याला मिळतो आणि साडेसहा क्विंटलची गाडी माझ्यासारखीच्या हाताने वर जाते. ही जादू मला अजूनही आवडते. पण ती जादू ज्या तेलाने होते, ते तेल आत अडवलेलं असतं एका रबरी सीलने आणि एका छोट्या गोळीच्या झडपेने. सील झिजलं, झडपेत कचऱ्याचा कण बसला की तेल हळूहळू परत वळतं आणि गाडी खाली येते. कधी तासाभरात, कधी एका क्षणात. जॅक बनवणारे त्याच्यावर लिहितातच, की हे उचलायचं साधन आहे, यावर गाडी ठेवून खाली जाऊ नका. आपण ते वाचत नाही, कारण ते बारीक अक्षरात असतं आणि त्यावर ग्रीस लागलेलं असतं.

आमच्या आजोबांच्या घरी बंडीच्या चाकाला वंगण घालायचे तेव्हा मी पाहिलेलं आहे. चार माणसं खांदा लावून बंडी उचलायची, पण चाक ओढायच्या आधी पाचवा माणूस आसाखाली लाकडाचा टेकू सरकवायचा. मग खांदे सुटायचे आणि चाक निघायचं. टेकू बसण्याआधी कुणी चाकाला हात लावला तर आजोबा शिव्या द्यायचे. गाडीच्या बाबतीत जॅक म्हणजे ते खांदे, आणि घोडी म्हणजे टेकू. मोटार आली तेव्हा आपण टेकू कसा विसरलो, कोण जाणे.

घोडी लावायची ती गाडीच्या मजबूत जागी. आठशेला दाराखाली पट्टी असते, तिच्यावर जॅकसाठी दोन खाचा असतात, त्या जागी पत्रा दुहेरी केलेला असतो. तेलाच्या टाकीखाली किंवा पायाखालच्या पातळ पत्र्याखाली काही लावलं तर तो पत्रा आत जातो आणि गाडी बसते. जुन्या गाडीत आधी तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहायचं. गंजून पापड झाला असेल तर ती जागा सोडायची. दोन्ही बाजूंना घोड्या सारख्या उंचीवर लावून, पिन पूर्ण आत गेली का ते बोटाने चाचपून, मग जॅक सावकाश उतरवायचा, म्हणजे गाडी घोड्यांवर बसेल.

इटा का नाहीत? वीट दाबाला चांगली असते, घर तिच्यावर उभं असतं. पण भिंतीत तिच्यावर दाब सगळीकडून सारखा येतो. गाडीची पट्टी म्हणजे पातळ कड. वीट अशा कडेखाली एका रेषेत तडकते, आणि तडकायच्या आधी काही सांगत नाही. पोकळ सिमेंटचा ब्लॉक तर त्याहून वाईट. लाकूड मात्र दबतं, कुरकुरतं, सांगून फुटतं. घोड्या नसतीलच, तर जाड, एकसारख्या लाकडी ठोकळ्यांची चौकट रचावी. दोन उभे, त्यावर दोन आडवे, परत दोन उभे. आणि पाया उंचीपेक्षा अरुंद नको.

गाडी घोड्यांवर बसल्यावर खाली जायच्या आधी एक काम राहतं. उभं राहून गाडीला जोरात धक्का द्यायचा. पुढून, बाजूने. मित्र घाबरला, “पडन ना वं!” मी म्हटलं, पडायचीच असेल तर आत्ता पडू दे, आपण दोघंही बाहेर आहोत. नंतर आत झोपून तू पान्याला हिसका देशील तो यापेक्षा जोराचा असेल. गाडी हलली नाही. मग काढलेली दोन्ही चाकं आडवी करून दाराच्या पट्टीखाली सारली, आणि जॅक परत पुढच्या आडव्या दांड्याला नुसता टेकेल असा ठेवून दिला. घोडी गेली तर चाक, चाकाआधी जॅक. माझ्या नोकरीत आम्ही असंच करतो, एक यंत्र बंद पडलं तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून दोन ठेवतो. फरक एवढाच, की तिथे चुकलं तर मला रात्री दोनला फोन येतो. कुणाच्या छातीवर काही पडत नाही.

आता पुढचा धोका, जो मला आधी माहीत नव्हता आणि मित्राला पक्का माहीत होता. आठशेचं इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्स त्याच्या बाजूला जोडलेला असतो. इंजिन ज्या रबरी खुंट्यांवर बसतं, त्यातली एक गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती सोडली की इंजिन एका बाजूने लोंबकळायला लागतं. त्याने वरून आडवा लोखंडी पाइप टाकला, दोन्ही टोकांखाली लाकूड ठेवलं आणि साखळीने इंजिन त्या पाइपला टांगलं. इतकं सफाईने, की मी नुसती पाहत राहिले. गिअरबॉक्सचं तेल डब्यात काढलं, ड्राइव्ह शाफ्ट निघाले, स्टार्टर निघाला, क्लचची केबल सुटली, आणि तो म्हणाला, “आता मी छातीवर घेतो, तू बाजूनं ओढ.”

छातीवर. गिअरबॉक्स सगळे असाच उतरवतात म्हणे. खाली झोपायचं, शेवटचा बोल्ट काढायचा आणि अख्खा गिअरबॉक्स छातीवर झेलायचा. मला दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो उचलणं जमलं नव्हतं, एवढं त्याचं वजन. आमचं या दिवसातलं दुसरं भांडण इथे झालं. शेवटी दुसऱ्या जॅकवर फळी ठेवली, फळीवर गिअरबॉक्स दोराने बांधला आणि इंचाइंचाने खाली घेतला. तासभर जास्त लागला. त्या तासात तो माझ्याशी बोलला नाही.

गिअरबॉक्स खाली आल्यावर आणखी एक अडचण आली, ती माझ्या चुकीने. गाडीखालून तो बाहेर काढायला जागाच कमी पडली. मी ४० सेंटिमीटरचं गणित केलं होतं, पण त्यात फळीची आणि जॅकची जाडी धरली नव्हती. गाडी परत उचलायची, घोड्यांची पिन एकेक खाच वर घ्यायची, तेही इंजिन साखळीला टांगलेलं असताना! उचलायच्या आधी मोजायचं, उचलल्यावर नाही. हे वाक्य मित्राने मला परत परत ऐकवलं, आणि आज संध्याकाळपर्यंत तुम्हालाही ऐकवील.

त्या रात्री काम तिथेच थांबवलं. जायच्या आधी मी खडूने एक खूण केली. जॅक दांड्याला जेमतेम टेकलेला होता. त्याच्या दट्ट्यावर, जिथे तो बाहेर निघतो त्या ठिकाणी, रेघ मारली. वजन सगळं घोड्यांवर होतं. शेजारी मित्राचा तो जुना बाटली जॅक घेतला, आणि गाडीऐवजी त्याच्यावर शेडमधली जुनी लोखंडी उखळी आणि दोन पोती ठेवून तिथेही रेघ मारली. मित्र म्हणाला, “हे काय शाळेतले प्रयोग करून रायली?” मी म्हटलं, हो, तेच.

सकाळी चहा घेऊन शेडमध्ये गेलो. गाडी जागच्या जागी. ट्रॉली जॅकची रेघ होती तिथेच होती. बाटली जॅकची रेघ दिसत नव्हती. तो रात्रीतून दोन बोटं खाली बसला होता आणि त्याच्या बुडाशी तेलाचा रुपयाएवढा डाग होता. पोती आणि उखळी धरून जे वजन होतं, ते गाडीच्या वजनापुढे काहीच नव्हतं.

मित्राने तो जॅक उचलला, पुसला, बराच वेळ पाहत राहिला. मग एवढंच म्हणाला, “परवा याच्यावर इंडिका होती. मी खालीच झोपून जेवलो, दुपारी. ऊन लय होतं बाहेर.”

एक गणित मी त्याला सांगितलं नव्हतं, ते त्या सकाळी सांगितलं. ४० सेंटिमीटरवरून वस्तू खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. माणसाला काहीतरी घडतंय हे कळून हात हलवायला सुरुवात करायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणजे ‘सटकला तर पटकन बाहेर येईन’ हा जो आपल्या सगळ्यांचा भरवसा असतो, त्याला जागाच नाही. १९९४ मध्ये तो चौदा वर्षांचा मुलगा चपळ होता. कबड्डीत त्याला कुणी धरू शकत नसे.

बाकीचं काम सोपं होतं, म्हणजे माझ्यासाठी, कारण ते मित्राने केलं. क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन टाकलं, कारण एवढं खोलल्यावर ते न बदलणं म्हणजे वेडेपणा. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांत बसवायला लोकांचे तासन्‌तास जातात. त्याने फळी जराशी तिरपी केली, शाफ्टला बोटाने अर्धा फेर दिला आणि ‘खट्’ असा आवाज आला. पंचवीस वर्षांत मी लिहिलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमने असा आवाज काढलेला नाही. ते पाहून मला वाटलं, आपण शाळेत याला गणितात नापास म्हणून मागच्या बाकावर बसवत होतो. सर, हे तुम्हाला नाही, आम्हाला सगळ्यांनाच.

उतरवताना क्रम उलटा. आधी गाडीखाली काही राहिलं नाही ना, पाना, चिंधी, माणूस, मांजर, ते पाहायचं. आमच्याकडे मांजर निघालं. मग जॅकने उचलून घोड्या काढायच्या आणि सावकाश खाली. चाकांचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावर परत आवळायचे. तेल भरायला विसरायचं नाही. नवीन गिअरबॉक्स लावून तेल न भरता चालवलेल्या गाड्या मित्राने पाहिल्या आहेत.

संध्याकाळी बाबांनी गाडी चालवली. आम्ही सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणावर गेलो. तिसरा गिअर लागला आणि लागलेला राहिला. बाबा काही बोलले नाहीत, पण परत येताना त्यांनी मुद्दाम त्या गॅरेजवाल्याच्या रस्त्याने गाडी घातली.

तर माझं एवढंच. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, जुनी जीप आहे, आणि तिच्याखाली कधी तुम्ही, कधी तुमचा सालदार, कधी सुट्टीत आलेला मुलगा जातो. चारपैकी दोन घोड्या मी मित्राच्या दुकानात ठेवल्या आहेत. त्या आता तिथे वापरल्या जातात, मी परवाच न सांगता जाऊन पाहून आले. उरलेल्या दोन बाबांच्या घरी शेडमध्ये, डाव्या कोपऱ्यात आहेत. त्या हलक्या गाडीच्या आहेत, ट्रॅक्टरखाली लावू नका. त्यासाठी जड लागतात आणि त्यांची चौकशी मित्राकडे करा. कार असेल तर केव्हाही येऊन घेऊन जा. मात्र दुपारी एक ते चार येऊ नका, बाबा झोपतात. आणि परत आणून द्या. आमच्या बॅचची पुस्तकं परत करण्याबाबतची ख्याती ग्रंथालयाच्या बाईंना अजून आठवते, त्या इथेच बसल्या आहेत.